वरच्या कवळीची अभ्यासभेट

ज्या दिवशी सकाळी सासूबाईंची वरची कवळी बसमध्ये राहिली, त्याच दिवशी दुपारी त्यांच्या सूनबाईंनी ती परत मिळण्याचा मार्ग स्वतःच्या हाताने बंद केला. दोघींनाही याची कल्पना नव्हती. सासूबाई बसथांब्यावर उभ्या राहून जिभेने हिरडी चाचपत होत्या, आणि सूनबाई मोठ्या इस्पितळात काचेच्या भिंतीमागे उभ्या राहून एका अनोळखी माणसाचं पित्ताशय कसं काढतात ते पाहत होत्या. ते पाहणं हे त्या दिवशीचं त्यांचं कार्यालयीन कर्तव्य होतं.

सूनबाई शहर बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागात नोकरीला होत्या. बसआगाराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर ही कचेरी होती. एक खिडकी लोकांसाठी, एक खिडकी उजेडासाठी, भिंतींना छतापर्यंत मांडण्या, आणि मधोमध एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेलं लांबलचक टेबल. त्या टेबलाभोवती सगळे बसत. कोणी बसवाहक वस्तू घेऊन आला की ती टेबलाच्या मध्यावर ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून तिची निंदा करायची, अशी तिथली रीत होती.

"असला हिरवा रंग पैसे देऊन कोण घेतं?" असं कोणी म्हणायचं. दुसरं म्हणायचं की घेत नसतील, भेट आली असेल, म्हणून तर बसमध्ये विसरले. छत्र्यांवर जीव असलेले एक वयस्कर कारकून होते. त्यांना सगळे छत्रीकाका म्हणत. छत्री उघडून, दोनदा फिरवून ते मालकाच्या स्वभावाबद्दल फार वाईट बोलत. अशी मनसोक्त निंदा केलेली वस्तू कोण विसरणार? चार दिवसांनी मालक खिडकीशी येऊन नुसतं "हिरवी" म्हणाला, की टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम वर व्हायच्या. या पद्धतीला नाव नव्हतं. नाव नसल्यामुळे ही एक पद्धत आहे, हेही कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. ते कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि अजून त्यातून पुरते बाहेर पडले नव्हते. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, की आपल्यासारख्यांकडून माणूस आपल्यासारखंच शिकतो. नवं काही शिकायचं तर आपल्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांकडे जायला हवं. वरून आदेशही आला होता. त्याचं नाव 'असदृश संस्था अभ्यासभेट योजना'. प्रत्येक विभागाने आपल्याशी जराही साम्य नसलेल्या संस्थांना भेट द्यायची, तिथल्या सांघिक कार्याचं निरीक्षण करायचं आणि दर भेटीमागे किमान एक नवकल्पना आपल्या कचेरीत राबवायची. सगळ्यात कमी गुण मिळवणारा विभाग जुन्या टायरांच्या विभागात विलीन करण्यात येईल.

टायर विभाग आवाराच्या पार टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथे खिडकी नव्हती, आणि स्वच्छतागृहाला जायचं तर बसगाड्यांच्या मधून वाट काढत अख्खं आवार ओलांडावं लागे. शेवटचं वाक्य वाचल्यावर नवकल्पनांविषयी कोणाच्याच मनात किंतु उरला नाही.

सूनबाईंच्या मनात तर तो पहिल्यापासूनच नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कचेरीने कधी फाटकाबाहेर नेलं नव्हतं. त्यांनी चेनची नवी पर्स घेतली आणि प्रत्येक भेटीत एक तरी प्रश्न विचारायचाच, असं ठरवून टाकलं.

पहिली भेट अग्निशमन केंद्राला झाली. जवान निवांत कॅरम खेळत बसले होते. घंटा झाली आणि पापणी लवायच्या आत सगळे गाडीत. साहेब भारावून गेले. ही मंडळी इतकी एकदिलाने कशामुळे वागतात, याचा त्यांनी परतीच्या वाटेवर विचार केला आणि उत्तर काढलं, की घंटेमुळे. कॅरमकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

कचेरीत घंटा बसली. वस्तू आली की घंटा व्हायची, आणि हातातलं काम टाकून सगळ्यांनी दाराकडे धावायचं. छत्रीकाकांचा गुडघा दुखायचा, पण तेही धावत. एकदा खिडकीशी एक गृहस्थ आपल्या चामडी बॅगेचं वर्णन करत होते. कोपरा घासलेला, मूठ शिवलेली, एवढं सांगून झालं आणि घंटा वाजली. सगळे धावले. दारात त्यांचीच बॅग आली होती. तिचं रीतसर स्वागत करून मंडळी परतली, तोवर गृहस्थ वैतागून निघून गेले होते. साहेबांनी प्रतिसादाचा वेग उत्तम असल्याची नोंद केली.

दुसरी भेट इस्पितळाची. शस्त्रक्रियेआधी तिथला प्रत्येक जण मोठ्याने आपण कोण आणि आपलं काम काय ते सांगतो. मग सगळे गप्प होतात. एक हात पुढे येतो, दुसरा हात त्यात हत्यार ठेवतो. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. सगळं आटोपल्यावर डॉक्टर बाहेर आले तेव्हा सूनबाईंनी ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला. तुम्ही घरच्यांचं ऑपरेशन करता का?

डॉक्टर म्हणाले, "शक्यतो नाही. आपलं माणूस समोर असलं की हात थरथरतो."

परतीच्या बसमध्ये साहेबांनी नवकल्पना मागितल्या. गप्प राहून काम करायचं, कामाआधी आपापली ओळख सांगायची, वस्तू हातमोजे घालून हाताळायची, एवढ्या गोष्टी सगळ्यांनाच सुचल्या होत्या. सूनबाई उठून उभ्या राहिल्या. पुढच्या सीटला धरून त्यांनी मांडलं, की डॉक्टर घरच्यांवर सुरी चालवत नाहीत, तसं आपणही आपल्या नातेवाइकांच्या वस्तू शोधू नयेत. नातेवाईक खिडकीशी आला तर आपण उठून बाहेर जावं. मन थरथरतं.

बसमध्ये टाळ्या झाल्या. साहेबांनी नियम तिथल्या तिथे मंजूर केला. कल्पना कोणा एकाची न मानता ती सगळ्यांची मानायची, असंही ठरलं. कारण योजना सांघिक होती.

घरी आल्या त्या सूनबाई हवेतच. पण स्वयंपाकघरात सासूबाई गप्प बसलेल्या होत्या. त्या घरात ही गोष्ट इतकी अघटित होती, की सूनबाईंनी आधी गॅस बंद आहे का ते पाहिलं. सासूबाईंच्या तोंडावर रुमाल होता. हळूहळू हकिकत बाहेर आली. बसमध्ये डुलकी लागते, तोंड उघडं राहतं, कवळी पडेल म्हणून त्या ती काढून डबीत ठेवत आणि डबी मांडीवर. आज जाग आली तेव्हा उतरायचा थांबा मागे पडत होता. धावपळीत डबी राहिली.

नुसती कवळी गेली असती तर सासूबाई महिनाभर सूप पिऊन राहिल्या असत्या. दाताच्या डॉक्टरांनी नवीन कवळीला तेवढे दिवस सांगितलेच होते. पण पंधरा दिवसांनी त्यांची धाकटी बहीण येणार होती. ही मावशी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेलेली, कित्येक वर्षांनी परतत होती. लहानपणी दोघींमध्ये दात सुंदर ते थोरलीचे. शाळेच्या फोटोत बाईंनी थोरलीला मुद्दाम पुढे बसवलं होतं, आणि धाकटीला तोंड मिटून मागे उभं राहायला सांगितलं होतं. पुढे थोरलीचे एकेक करत सगळे गेले आणि धाकटीचे वेडेवाकडे का होईना, सगळेच्या सगळे टिकले. दर फोनला ती न विचारता सांगायची, "ताई, अक्रोड अजून दातानंच फोडते बरं का." आणि ताईही न चुकता सांगायची, "मी पण." सगळं आयुष्य असं फोनवर नीट चाललं होतं.

"बरं झालं तू त्याच कचेरीत आहेस," सासूबाई रुमालाआडून म्हणाल्या. "उद्या घेऊनच ये. लवंगेच्या तेलाचा वास येईल डबीला. मी दोन थेंब घालते ना पाण्यात."

सूनबाई भांड्यातलं सूप ढवळत राहिल्या. मग त्यांनी नियम सांगितला.

"कोणी केला हा नियम?"

"आई, तो आम्ही सगळ्यांनी मिळून केलाय."

सासूबाईंनी रुमाल सारखा केला. "मिळून केला म्हणजे केलाय कोणीतरी एकीनं, फक्त नाव सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

सूनबाईंच्या नवऱ्याने दोघींच्या मधे पडायचं नाही, असं लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. तो वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सर्वसामान्य नागरिक या नात्याने खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सूनबाई नियमाप्रमाणे उठून बाहेरच्या बोळात गेल्या. आत त्या दिवशी कोणालाच वेळ नव्हता, कारण तिसऱ्या भेटीच्या नवकल्पना बसवण्याचं काम चाललं होतं.

तिसरी भेट त्याच दिवशी सकाळी मोठ्या वाद्यवृंदाच्या तालमीला झाली होती. तिथे इतकी माणसं एकत्र वाजवत होती आणि कोणीही शेजाऱ्याकडे पाहत नव्हतं, हे साहेबांनी बरोबर टिपलं. ज्याची त्याची खुर्ची वेगळी, ज्याचा त्याचा कागद समोर, आणि नजर फक्त काठीवाल्याकडे. कचेरीत आल्या आल्या त्यांनी सुतार बोलावून लांब टेबलाचे करवतीने तुकडे करवले. प्रत्येकाला एक तुकडा मिळाला. छत्रीकाकांच्या वाट्याला आलेल्या तुकड्याला एका बाजूला पायच नव्हते, म्हणून ते एक हात टेबलाखाली धरून बसू लागले. साहेब समोर उभे राहिले. त्यांच्या हातात एका बेवारस छत्रीची काडी होती.

प्रत्येक वस्तूची पाहणीही वाटून घेण्यात आली. नव्याने लागलेल्या मुलीने फक्त रंग पाहायचा. छत्रीकाकांनी आकार. सूनबाईंना वास मिळाला, कारण तोवर दुसरं काही शिल्लक उरलं नव्हतं. अख्खी वस्तू कोणीही पाहायची नाही. अख्खी वस्तू पाहिली की मत बनतं, आणि मत बनलं की निंदा सुरू होते.

डबी आली तेव्हा सूनबाई बोळात होत्या, सासूबाई खिडकीशी होत्या. घंटा वाजली, उरलेली मंडळी धावली. डबी उघडली गेली. वर्गीकरण झालं: गुलाबी-पांढरा, नालाकृती. वास प्रलंबित. वस्तू मांडणीवर गेली.

मग नवी मुलगी खिडकीशी परतली आणि तिने सासूबाईंना विचारलं, काय हरवलंय?

"दात," सासूबाई म्हणाल्या.

दात हा वर्गच नव्हता. मुलीने अदबीने रंग विचारला. सासूबाई म्हणाल्या, दातांचा. आकार विचारला. त्या म्हणाल्या, तोंडाचा. वास कसला, हे विचारणारी अधिकारी व्यक्ती बोळात भिंतीला टेकून उभी होती आणि जोवर सासूबाई खिडकीशी होत्या तोवर ती आत येऊ शकत नव्हती. चौकशी तीन बाजूंनी व्हायला हवी होती, झाली दोनच बाजूंनी. सासूबाईंना उद्या यायला सांगण्यात आलं. उद्याही तसंच झालं. परवाही.

साहेब सोडून सगळ्यांना सगळं कळत होतं, हे वेगळं सांगायला नको. पाण्याच्या पिंपाशी छत्रीकाका सूनबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि पेल्यात पाहत म्हणाले, "एक नालाकृती आहे बघा वरच्या फळीवर. मी काही बोललो नाही."

"मीही काही ऐकलं नाही," सूनबाई म्हणाल्या. दोघांचे संबंध पहिल्यापासून चांगले होते.

असं करत करत महिन्याचा अहवाल गेला. या विभागातून चुकीच्या माणसाला दिलेल्या वस्तू शून्य, असं साहेबांनी ठळक लिहिलं होतं. ते खरंही होतं. बरोबर माणसालाही कोणी काही दिलं नव्हतं. विभाग पहिला आला. आणि मग एक दिवस शहराच्या वस्तुसंग्रहालयाचं पत्र आलं. जिथे आलेली वस्तू कधीही बाहेर जात नाही अशी संस्था आम्ही फार दिवस शोधत होतो, आपली कार्यपद्धती पाहायला आमचं पथक येऊ इच्छितं, असं त्यात म्हटलं होतं.

पथक यायचा दिवस आणि मावशी यायचा दिवस एकच निघाला. मावशी सकाळी आल्या. सासूबाईंनी त्यांना दाढ सुजल्याचं सांगितलं आणि रुमाल घट्ट धरला. "माझ्या सुजत नाहीत," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने सासूबाई 'एक काम आहे' म्हणून निघाल्या, तर मावशी सोबत निघाल्याच. इतक्या वर्षांनी भेटलेल्या ताईला दाढ सुजलेली असताना एकटीला कशी सोडायची?

खिडकीशी रांगेत सासूबाई पहिल्या होत्या. आत साहेब काडी घेऊन सज्ज होते. भिंतीशी संग्रहालयाचं पथक वह्या उघडून उभं होतं. साहेबांनी खऱ्याखुऱ्या नागरिकावर प्रात्यक्षिक दाखवायचं जाहीर केलं आणि सासूबाईंकडे बोट केलं. ही बाई आपल्या विभागातल्या कोणाची कोण आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते जाहीर करणं सूनबाईंचं काम होतं. जाहीर केलं तर उठून बोळात जावं लागलं असतं, आणि पाहुण्यांसमोर वादनातून एक वाद्यच गळालं असतं. सूनबाई बसून राहिल्या.

घंटा वाजली. सगळे दारापर्यंत धावून परत आले. "मी रंग," नवी मुलगी म्हणाली. "मी आकार," छत्रीकाका टेबल सावरत म्हणाले. "मी वास," सूनबाई म्हणाल्या. साहेबांनी हातमोजा घालून मांडणीवरून एक डबी उचलली आणि उघडली. इतक्या वस्तूंमधून नेमकी तीच का, असं विचारण्यात अर्थ नाही. ती दिसायला सगळ्यात सुबक होती.

काडी फिरली. गुलाबी. काडी फिरली. नालाकृती. काडी सूनबाईंकडे वळली. त्यांनी डबी नाकाशी नेली. रोज रात्री ओट्यावरच्या पेल्यातून येणारा तो वास होता. त्यांनी वर पाहिलं. खिडकीत रुमालावर दोन डोळे होते. सूनबाईंनी तोंड उघडलं. त्याच क्षणी त्यांना पत्र्याची ती शेड दिसली, आणि बसगाड्यांच्या मधून स्वच्छतागृहाकडे जाणारी ती वाट.

"लवंग," त्या म्हणाल्या.

साहेब खुशीत होते. पाहुण्यांवर अधिक छाप पडावी म्हणून त्यांनी कोणत्याच नियमात नसलेली गोष्ट केली. डबी हातात धरून ते खिडकीशी गेले आणि त्यांनी सरळच विचारलं, "आजी, ही वस्तू तुमची आहे का?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. सासूबाईंच्या शेजारून मावशींनी मान पुढे घातली. "ताई, हे तर दात आहेत कोणाचे तरी."

सासूबाईंनी डबीकडे पाहिलं. मग बहिणीच्या तोंडातल्या त्या वेड्यावाकड्या, पूर्ण रांगेकडे पाहिलं. रुमाल किंचितही न हलवता त्या म्हणाल्या, "असतील बाई कोणाचे. माझी छत्री हरवलीय."

टाळ्या झाल्या. विनामालक ठरलेली वस्तू साहेबांनी रेशमी फितीत बांधून संग्रहालयाच्या पथकाला सप्रेम भेट दिली. त्या संध्याकाळी मावशींनी जेवणानंतर अक्रोड फोडले. सासू आणि सून, दोघींनी त्या आवाजाकडे लक्ष न देण्याचं काम अगदी मिळून केलं.

विभागाला पुढे मोठं बक्षीस मिळालं. वस्तू येतच होत्या आणि जात नव्हत्या, त्यामुळे लवकरच जागा पुरेना. आवारात एवढी मोठी जागा एकच होती. पहिल्या आलेल्या विभागाला सन्मानपूर्वक टायरांच्या शेडमध्ये हलवण्यात आलं. सूनबाई आता दिवसातून दोनदा आवार ओलांडतात.

सासूबाईंची नवी कवळी आली तोवर मावशींचा मुक्काम संपत आला होता. निघायच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचं नवं दालन पाहायला तिघी मिळून गेल्या. दालनाच्या मध्यावर काचेची पेटी, आत मखमल, वरून दिव्याचा झोत. खाली पाटी होती: 'संघभावना. पाया एक, सदस्य अनेक. कोणीही पुढे नाही, कोणीही मागे नाही.' लोक रांगेने येत होते, पाटी वाचत होते आणि हलक्या आवाजात 'वा' म्हणत होते.

मावशी बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या. मग त्यांनी हळूच बहिणीकडे पाहिलं. "ताई, हे तर त्या दिवशीचे..."

"माझे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"तुझे सगळे तोंडात आहेत, कबूल आहे," सासूबाई नवी कवळी पुरेपूर दाखवत म्हणाल्या. "पण संग्रहालयात एक तरी आहे का?"

मावशींनी पाटी पुन्हा एकदा वाचली. परत गेल्यावर फोनवर त्यांनी अक्रोडाचा विषय पुन्हा काढला नाही. सासूबाई मात्र महिन्यातून एकदा बसने तिथे जातात, आणि आपल्याला पुढे बसवून फोटो काढला होता त्या दिवसासारख्या ताठ उभ्या राहतात.

तुम्हीही जाऊन आला आहात त्या दालनात. पेटीजवळ एक म्हातारी उभी होती, तिला जरा सरकायला सांगून तुम्ही फोटो काढलात. आत काय ठेवलंय हे पाहता क्षणी तुमच्या ध्यानात आलं होतं. पण रांगेतले सगळे मान डोलावत होते, म्हणून तुम्हीही डोलावलीत.